हातोहाती जाणारे खेळणे

(हीरक महोत्सवानिमित्त राइट टाउन, जबलपूर येथे माजी विद्यार्थी व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्वारीघाटावरून भेडाघाटाकडे जाणारे नर्मदेचे पाणी पुढे बुधनीच्या काठाला लागते. नर्मदापुरमसमोर, सीहोर जिल्ह्यात वसलेले हे गाव लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर दुधीचे लाकूड खरादीवर फिरवून खुळखुळे, भोवरे आणि चाकांच्या गाड्या घडवतात. महाराष्ट्रात काळा कुडा म्हणतात, तेच हे झाड. त्याचे लाकूड पांढरे, मऊ आणि बारीक पोताचे असल्याने त्याला टोकदार कुसळे राहत नाहीत. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पातळ थराने बसते. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर जगणाऱ्या सूक्ष्म किड्यांचे हे देणे महाकोशलच्या रानांना अनोळखी नाही.

कोकणात सावंतवाडीच्या चितारआळीने हीच परंपरा निराळ्या थाटात जोपासली. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडातून कोरलेली आणि कुंचल्याने रंगवलेली तेथील फळे मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या मांडली गेली.

परंतु केवळ लाकडाचे म्हणून कोणतेही खेळणे पर्यावरणस्नेही ठरत नाही. लाकूड कोणत्या रानातून आले, तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे लावले गेले का, रंगात शिसे आहे का, हे प्रश्न विचारावेच लागतात. दुधीची झाडे उरली नाहीत, तर बुधनीची खरादही थांबेल. तेव्हा झाड आणि कारागीर यांचे हित एकच आहे. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना मानक ब्यूरोचे गुणवत्ता चिन्ह आवश्यक झाले आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सवलत आहे. म्हणून हस्तकलेची वस्तू घेताना पालकांनी स्वतः पाहिले पाहिजे. तीन वर्षांखालील मुलाच्या तोंडात मावेल असा तुकडा त्यातून सुटता कामा नये; कडा गुळगुळीत हव्यात आणि रंग ओल्या फडक्याला लागता कामा नये.

याहून मोठी कसोटी आहे ती खेळण्याच्या आयुष्याची. चावी संपली की गप्प बसणारी प्लास्टिकची मोटार एकदा मोडली, की बहुधा कचऱ्यात जाते. लाकडी गाडीचे चाक निखळले, तर आजोबा ते पुन्हा बसवतात. थोरल्याचा भोवरा धाकट्याकडे जातो, धाकट्याचा भाचीकडे. एक खेळणे चार मुलांना पुरले, तर तीन खेळण्यांचे लाकूड, रंग आणि वाहतूक वाचली, हा हिशेब साधा आहे.

बालशिक्षणाच्या मराठी परंपरेला हे ठाऊक होते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. पुढे 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातील मुलांसाठी कार्य सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा शिंपले, बिया, पाने, काटक्या हीच साधने झाली. मुलाची बुद्धी किमती वस्तूने वाढत नाही; हाताला काम देणाऱ्या वस्तूने वाढते, हा त्यामागचा विचार होता.

महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या शाळेसाठी या विषयाला आणखी एक पदर आहे. पांगुळगाडा, खुळखुळा, भोवरा, जाळी, विटी, भातुकली हे शब्द मूल पुस्तकातून शिकत नाही. भोवऱ्याला जाळी गुंडाळताना आजी जे बोलते, त्यातून ते शिकते. बटण दाबताच स्वतःच बोलणाऱ्या खेळण्यापाशी आजीला बोलायला जागाच उरत नाही. हिंदी शेजार आणि इंग्रजी पडदा यांच्यामध्ये वाढणाऱ्या जबलपूरच्या मुलासाठी ही जागा मोलाची आहे. वस्तू घरातून गेली, की तिच्यामागोमाग शब्दही जातो.

म्हणून हीरक महोत्सवाच्या वर्षी एक साधी सूचना मांडावीशी वाटते. शिशुवर्गासाठी खेळण्यांचे एक कपाट असावे. माजी विद्यार्थ्यांनी घरात जपलेली सुस्थितीतील लाकडी खेळणी त्यात द्यावीत. रंगाचे पोपडे निघालेली जुनी खेळणी मात्र देऊ नयेत, कारण त्या रंगात शिसे असू शकते. थोडी नवी खेळणी थेट बुधनीच्या कारागिरांकडून घ्यावीत. प्रत्येकासोबत त्याचे मराठी नाव लिहिलेली चिठ्ठी असावी. मुलांनी ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तसे खेळणे आठवडाभर घरी न्यावे, घरच्या वडीलधाऱ्यांसोबत खेळावे आणि परत आणावे. मोडले तर दुरुस्त करून आणावे.

या कपाटाला फार खर्च येणार नाही. त्यासाठी हवी आहेत काही खेळणी, एखादा दुरुस्ती जाणणारा हात आणि मुलांशी मराठीत बोलायला सवड असलेली माणसे. शाळेच्या परिवारात ही तिन्ही आहेत.