फराळाचा डबा आणि रात्रपाळी

तुळशीचे लग्न लागून गेले तरी कित्येक घरांतील फराळाचे डबे रिकामे झालेले नसतात. चकली मऊ पडते, चिवड्याला खवट वास येऊ लागतो; परंतु अन्न टाकावयाचे कसे, या विचाराने ते जिन्नस कोणाच्या ना कोणाच्या पोटात जातातच. पिंपरी-चिंचवडसारख्या कारखान्यांच्या गावी हे पोट बहुधा दुसरी पाळी संपवून मध्यरात्री घरी परतलेल्या गृहस्थाचे असते. घरातील मंडळी निजलेली असतात, पोळी गार झालेली असते आणि डबा मात्र हाताशी असतो.

जुन्या रिवाजात प्रत्येक पक्वान्नाचा दिवस ठरलेला असे. चतुर्थीस मोदक झाले की लगेच ऋषिपंचमीस ऋषीची भाजी. अळू, लाल भोपळा, सुरण, मका, आणि बैलाच्या श्रमावर पिकलेले धान्य वर्ज्य. गौरी येतात त्या दिवशी अनेक घरी भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो, पुरणपोळी दुसऱ्या दिवशी. यामागे वैद्यकीय हेतू होता असे छातीठोकपणे सांगण्याचे कारण नाही. पण जड जेवणाच्या शेजारी हलके जेवण आपोआप येई, हे खरे.

ही घडी या गावात कशी विसकटली हे पाहण्यासारखे आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला; पुढे मोटारींचे आणि यंत्रांचे कारखाने आले, आणि त्यांच्या मागोमाग प्रांतोप्रांतीचे लोक. त्यामुळे सणांचीही भर पडली. खंडेनवमीस यंत्रांपुढे पेढे, दिवाळीस मिठाईचा पुडा, सहा दिवसांनी छठपूजेचा ठेकुआ, डिसेंबरात नाताळचा केक. त्यातच मार्गशीर्षात चिंचवडास मोरया गोसावींचा समाधी-उत्सव. शेजाऱ्यांची ताटे एकमेकांकडे जातात ही आनंदाचीच गोष्ट होय. पण भाद्रपदात सुरू झालेले गोड खाणे पौषापर्यंत थांबत नाही, आणि मधली ऋषीची भाजी तेवढी गळाली.

थोडा हिशेब करावा. पाव किलो साखरेत बेसनाचे वीस लाडू वळले, तर एका लाडवात साडेबारा ग्रॅम साखर आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घालून दिलेली मर्यादा साधारण प्रौढ माणसास दिवसाकाठी सुमारे ५० ग्रॅमची. म्हणजे चार लाडवांत दिवसाचा वाटा संपला. चहातील साखर वेगळीच. चिवडा गोड नाही म्हणून निरुपद्रवी मानतात, तेही बरोबर नव्हे; त्यातील मीठ आणि तेल रक्तदाबाच्या माणसास सोसत नाही.

रात्रीची गोष्ट तर अधिक नाजूक. दिवसा शरीर साखर जितक्या तत्परतेने पचविते, तितकी ते रात्री पचवीत नाही. सकाळी खाल्लेली करंजी आणि रात्री एक वाजता खाल्लेली करंजी वजनाला सारखी, परिणामाला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेह्यांची संख्या सुमारे १० कोटी असल्याचा अंदाज निघाला. पाळ्यापाळ्यांनी काम करणाऱ्यांस या विकाराचा धोका अधिक, असेही संशोधक सांगतात.

यावर फराळ बंद करावा असे सुचविणारा मनुष्य महाराष्ट्रात मान्य व्हावयाचा नाही, आणि होऊही नये. अभ्यंगस्नानानंतर सकाळी फराळ हा क्रम चांगलाच आहे. मात्र तो न्याहारीच्या जागी असावा. न्याहारी, जेवण आणि वर फराळ असा नसावा. लाडू लिंबाएवढे वळावेत, घाणे थोडे घालावेत, तळून काळवंडलेले तेल पुन्हा कढईत चढवू नये. 'एवढेसे घ्याच' हा आग्रह मधुमेही पाहुण्यास तरी माफ असावा. आणि पाळीवरून येणाऱ्यासाठी ओट्यावर फराळाचा डबा न ठेवता झाकून भाकरी, मुगाची उसळ आणि वाटीभर ताक ठेवावे. भूक लागलेला माणूस समोर दिसेल तेच खातो.