वाटेत चाक बसलं तर

मंडळी, आज आपण सायकलीविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, गुरुजी, सायकल तर पोरंसोरंही चालवतात, त्यात सांगण्यासारखं काय आहे? चालवण्याविषयी आम्ही काही सांगणार नाही. वाटेत चाकातली हवा गेली तर ती पुन्हा भरायची कशी, एवढंच सांगणार आहोत.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. तिला हवा लागत नाही, पण बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होतात. पूर्वी सायकलीलाही भरीव रबर असे. आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर होते. त्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेली रबरी नळी बसवून पाहिली, आणि १८८८ साली त्या युक्तीचा हक्क सरकारदरबारी नोंदवला. तेव्हापासून सायकल हलकी पळू लागली. हवा जाण्याचा तापही तेव्हापासूनच आपल्या मागे लागला.

आमच्या गावातला एक तरुण रोज पहाटे सायकलीला दोन कॅन अडकवून संकलन केंद्रावर दूध नेतो. वाट सहा किलोमीटरची. केंद्र साडेसातला बंद होतं. एकदा वैशाखात ओढ्याच्या वळणावर मागचं चाक बसलं. सायकलचं दुकान उघडतं नऊला. मोबाईल खिशात होता, पण तो करून बोलावणार कुणाला? दुकानदारही झोपलेला. सायकल ढकलत तो पोचला तेव्हा केंद्राला कुलूप होतं, आणि दुपारपर्यंत दूध नासलं. त्यात चार घरांचं दूध होतं. त्या चार घरांना तोंड दाखवणं त्याला फार जड गेलं. घरी येऊन चाक पाहिलं, तर पंक्चर नव्हतंच! वॉलट्यूब फाटली होती. बोटाच्या पेराएवढा रबराचा तुकडा आणि हातपंप जवळ असता, तर दहा मिनिटांचं काम होतं.

म्हणून ही वॉलट्यूब काय आहे ते नीट समजून घ्या. आपल्या साध्या काळ्या सायकलीच्या वॉलमध्ये एक बारीक नळी असते. तिच्या बाजूला एक भोक असतं. त्या भोकावर पातळ रबरी नळी चढवलेली असते, तीच वॉलट्यूब. पंप मारला की हवेच्या जोराने रबर फुगतं आणि हवा आत जाते. जोर थांबला की रबर भोकावर घट्ट बसतं, हवा परत येत नाही. पण उन्हाने हे रबर चिकट होतं, नाहीतर चिरतं. चाक बसलं की आधी काटा शोधत बसू नका. आधी थोडी हवा भरा, वॉलच्या तोंडावर थुंकीचं बोट लावा. बुडबुडा आला तर दोष वॉलचा. नट सैल असेल तर आवळा. तरी बुडबुडा येत असेल तर वॉल काढून नवा तुकडा चढवा. तुकडा ओला केला की सहज सरकतो. भोक पुरतं झाकलं गेलं पाहिजे.

आता पंप. सायकलीच्या दांडीला अडकवायचा छोटा पंप मिळतो, तो प्रत्येकाने ठेवावा असं आमचं मत आहे. त्याची नळी लावण्यापूर्वी एकदा पंप मोकळा मारा, म्हणजे नळीतली धूळ उडून जाईल. मग नळीचे आटे वॉलवर नीट बसवा. दट्ट्या पुरा मागे ओढायचा आणि पुरा आत दाबायचा. अर्धेमुर्धे हिसके मारले की घाम निघतो आणि हवा जात नाही. पंप गरम झाला तर घाबरू नका, हवा दाबली की ती तापते. पंपात चामड्याचा वॉशर असला तर तो वाळून आकसतो. मग दट्ट्या नुसताच मागेपुढे होतो. तेलाचे चार थेंब सोडले की चामडं फुगून पुन्हा हवा धरतं.

हवा किती भरावी? आता तुम्हांला वाचता येतं, तेव्हा टायरची कड पुसून बघा. तिथे आकडा उठवलेला असतो, पुढे पी. एस. आय. अशी इंग्रजी अक्षरं असतात. चौरस इंचावर किती पौंड दाब, त्याचा तो आकडा. त्याच्या वर जाऊ नका. वाटेत दाब मोजायचं यंत्र नसतं, तिथे अंगठ्याने काम भागवावं. टायर जोराने दाबला तर जरासा दबला पाहिजे. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून त्यात हवाही थोडी जास्त हवी.

काटा घुसलाच असेल तर? बाभळीचा काटा आणि सराटा हे आपले नेहमीचे वैरी. हवा हळूहळू जात असेल तर काटा लगेच उपटू नये. काट्यानेच भोक थोडं बुजलेलं असतं. थांबून थांबून हवा भरत मुक्काम गाठावा आणि मग काटा काढावा.

पेट्रोल पंपावरच्या यंत्राचं तोंड मोटारीच्या वॉलचं असतं, ते आपल्या साध्या वॉलला बसत नाही. जोडायचा छोटा पितळी तुकडा मिळतो, तो खिशात ठेवावा. मात्र ते यंत्र जोरदार असतं आणि आपली ट्यूब लहान. थोडी थोडी हवा घ्या, नाहीतर ट्यूब फुटेल. शहरातले शर्यतवाले कर्ब वायूची बोटभर लांबीची पोलादी कुपी बाळगतात. क्षणात चाक भरतं, पण कुपी बर्फासारखी गार पडते, एकदाच वापरता येते, आणि तो वायू रबरातून लवकर निघून जातो. आपल्याला हा खर्च कशाला?

पंप नाही, माणूस नाही, आणि रात्र झाली, तर ट्यूब काढून टायरमध्ये गवत किंवा भाताचं तनस ठासून भरावं. रिकामी सायकल सावकाश घरापर्यंत येते. नुसत्या बसलेल्या चाकावर मात्र बसू नका. टायर रिमवर सरकतो, वॉल बुडाशी तुटतो, ट्यूब वाया जाते. ओझं उतरवून सायकल हातात धरावी.

कुणी विचारील, दांडीचा पंप बाजारात चोरीला जातो, त्याचं काय? कुलूप लावताना पंप काढून पिशवीत घ्यावा. वॉलट्यूबचे दोन तुकडे कागदात गुंडाळून त्याच पिशवीत ठेवावेत. उन्हात ठेवू नयेत.