केराची पट्टी

गोंदियाच्या भातगिरण्यांत धान भरडलें म्हणजे तांदूळ एकीकडे पडतो आणि तूस दुसरीकडे. तें तूस कोणी उकिरड्यावर नेऊन टाकीत नाहीं. उसना तांदूळ करावयाचा तर धान आधीं उकडावें लागतें, आणि त्या बॉयलरखालीं हेंच तूस जळण म्हणून जातें. उरलें तर विकतात. ज्या वस्तूस भाव आहे तिला कोणी कचरा म्हणत नाहीं. घरांतला केर मात्र उंबऱ्याबाहेर लोटला कीं सुटला, अशी समजूत असल्यामुळें त्याचा हिशेब कोणीं ठेविला नाहीं.

२०१६ सालीं केंद्र सरकारनें घनकचऱ्याचे जे नियम केले, त्यांत प्रत्येक घरानें ओला, सुका व घातक केर निरनिराळा द्यावा आणि तो नेण्याबद्दल नगरसंस्था ठरवील तें शुल्क भरावें, असें सांगितलें. पुढें महाराष्ट्रांतील कित्येक नगरांत हें शुल्क घरपट्टीच्या देयकास जोडण्यांत आलें. घरपट्टी भरीत असतां ही आणखी पट्टी कशाला, हा गृहस्थाचा प्रश्न अगदींच गैर नव्हे. पण खरा दोष निराळाच आहे. भाजीचे देठ परसांतील खड्ड्यांत कुजविणाऱ्या घरास जें शुल्क, तेंच मेजवानीनंतर प्लास्टिकच्या पेल्यांचा ढीग बाहेर काढणाऱ्या घरास. अशा आकारणीनें तिजोरींत पैसा येईल. केर कमी होणार नाहीं.

मग जितका केर तितका पैसा घ्यावा काय? दक्षिण कोरियानें १९९५ पासून तसें केलें. तेथें केर ठराविक पिशवींतच भरावयाचा व ती पिशवी विकत घ्यावयाची. पुन्हा उपयोगीं पडणाऱ्या वस्तू निराळ्या काढून दिल्या तर त्यांस दाम नाहीं. अमेरिकेंत शार्लट्सव्हिल या गांवीं १९९२ सालीं पिशवीमागें ८० सेंट आकारले, तेव्हां फुलरटन व किनामन या अर्थशास्त्रज्ञांनीं तेथील कांहीं घरांचा केर आधीं व नंतर मोजून पाहिला. आकारमान ३७ टक्क्यांनीं उतरलें, वजन मात्र अवघें १४ टक्क्यांनीं! लोकांनीं केर टाकावयाचा सोडला त्यापेक्षां तो पिशवींत दाबून कोंबलाच अधिक. आणि जें वजन घटलें त्यांतीलही २८ टक्क्यांइतका भाग गुपचूप दुसरीकडे टाकला गेला असावा, असा त्यांचा अंदाज होता.

गोंदियांत तो कोठें जाईल, हें सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. शहराजवळून पांगोली वाहते, आणि हिंवाळ्यांत शेकोटीला कांहींही चालतें.

दुसरी अडचण खास या जिल्ह्याची आहे. येथें विड्या वळण्याचें काम घरोघर चालत आलें. तेंदूचें पान भिजवून मापानें कापावयाचें व विडी वळावयाची. विडी कारखानदाराकडे जाते, कातरण मात्र वळणाऱ्या बाईच्या अंगणांत राहतें. केर तोलून पैसे घेण्याचें ठरलें तर धंद्याचा केर मजुरणीच्या नांवें लिहिला जाईल, आणि हा अन्याय कोणाच्या ध्यानींही येणार नाहीं.

पुण्याचा अनुभव येथें उपयोगीं पडेल. तेथें २००८ सालीं महानगरपालिकेशीं करार करून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा केर उचलूं लागली. शुल्क वेचणाऱ्या बाईच्या हातीं पडावयाचें आणि सुका माल विकून येणारा पैसाही तिचाच. दोन्ही केर एकत्र कालविणाऱ्या गृहिणीला ती दारांतच हटकूं शकते. घरपट्टीच्या देयकाला तोंड नसतें.

गोंदियासारख्या शहरानें तराजू बाजूस ठेवावा. निवडून दिलेल्या केरास शुल्क नाममात्र असावें, कालविलेल्यास चांगलें जाणवेल इतकें. विडीच्या कातरणाचा भार कारखानदाराच्या खात्यावर पडावा. आणि ज्या दिवशीं गाडी येणार नाहीं त्या दिवसाचा आकार वजा व्हावा. यासाठीं झांकण उघडून पाहिलें कीं पुरे. मात्र पाहणारा असतो रोजंदारीवरचा गाडीवाला, आणि बादली असते एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाची. त्याला त्या दारांत उभें राहून ‘हा केर कालविलेला आहे’ असें म्हणावयाचें, तर त्याच्या हातीं मुख्याधिकाऱ्याच्या सहीचा कागद हवा.