वेदना आणि वीज

श्रोतेहो, दुखण्यासाठी आपल्या मराठीत किती शब्द आहेत ते पाहा. दात ठणकतो, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, जखम चरचरते, मांडीपासून पोटरीपर्यंत सणक जाते. शब्द अनेक, पण दुखणाऱ्याचे मागणे एकच : "हे आधी थांबवा हो!" या मागण्याला उत्तर म्हणून आजकाल एक लहानसे यंत्र बाजारात मिळते. हातात मावेल एवढी डबी, तिला जोडलेल्या वायरी आणि वायरींच्या टोकांना अंगावर चिकटवायच्या पट्ट्या. त्याचे नाव टेन्स. बोलताना कुणी त्याला नुसते 'करंटची मशीन' म्हणतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली या आमच्या भागात लोकलमध्ये उभे राहून राहून ज्यांची कंबर नाही तर मान धरली आहे, अशी माणसे घरोघरी सापडतील. त्यांच्यासाठी आजचे हे बोलणे. मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस, वैद्य नव्हे. हे यंत्र काय करते आणि काय करीत नाही, एवढेच सांगणार आहे. त्यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, असे मला वाटते.

आधी भीतीचे पाहू. ठाण्यात १९०१ सालापासून मनोरुग्णालय आहे. "याला आता ठाण्याला पाठवा" ही थट्टा आपण सर्वांनीच ऐकलेली आहे. त्यामुळे विजेचे उपचार म्हटले की 'शॉक' हा शब्द आपल्या मनात पटकन उभा राहतो. परंतु मनोविकारांवरील ते उपचार वेगळे. ते मेंदूवर केले जातात, तज्ज्ञ डॉक्टरच करतात, आणि भूल दिल्याशिवाय व स्नायू शिथिल केल्याशिवाय ते करण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. टेन्सचा त्यांच्याशी काही संबंध नाही. हे यंत्र छोट्या बॅटरीवर चालते. त्यातून वीज अखंड वाहत नाही, ठोक्याठोक्याने येते. समजा, सेकंदाला शंभर ठोके आहेत आणि प्रत्येक ठोका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा आहे. हिशेब करून पाहा : दर सेकंदातला फक्त शंभरावा भाग वीज वाहते, बाकीचा सगळा वेळ शांतता. अंगाला जाणवतात त्या नुसत्या मुंग्या.

आता तुम्ही विचाराल, मुंग्यांनी दुखणे कसे थांबणार? याचे उत्तर तुमच्या आईला ठाऊक होते. लहानपणी कोपर आपटले की ती काय करायची? त्या जागी हात चोळायची, आणि खरोखरच बरे वाटायचे. ती केवळ मायेची समजूत नव्हती, बरं का. अंगावरच्या स्पर्शाची वार्ता जाड मज्जातंतूंतून मज्जारज्जूकडे जाते. बहुतेक वेदनेची वार्ता बारीक तंतूंतून जाते. जाड तंतूंतली वार्ता सेकंदाला कित्येक मीटर धावते. अगदी बारीक तंतूंतली वार्ता सेकंदाला फार तर एकदोन मीटर रांगते. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असे मांडले की, मज्जारज्जूत एक प्रकारचे फाटक असते आणि जाड तंतूंची वर्दळ वाढली की ते वेदनेच्या वार्तेला अडवते. त्यांनी काढलेल्या आकृतीतले काही तपशील पुढे बदलावे लागले, पण मुख्य कल्पना टिकून राहिली.

हे फाटक समजायला आपल्याला लांब जायला नको. दिव्याच्या फाटकापाशी लोकल खोळंबण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे. रस्त्यावरच्या गाड्यांची रीघ सुरू असते, फाटक लागत नाही, आणि फाटक लागत नाही तोवर लोकलला सिग्नल मिळत नाही. टेन्स यंत्र नेमके हेच करते. स्पर्शाच्या तंतूंना डिवचून ते मुंग्यांची रीघ लावून देते आणि वेदनेची गाडी सिग्नलला उभी राहते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा : गाडी उभी राहिलेली असते, रद्द झालेली नसते.

विजेने वेदना बधिर करण्याची युक्ती फार जुनी आहे. पहिल्या शतकात रोमन वैद्य स्क्रिबोनिअस लार्गस याने डोकेदुखीवर आणि पायाच्या संधिवातावर विजेचा झटका देणारा जिवंत मासा लावावा, असे लिहून ठेवले आहे! शास्त्रशुद्ध प्रयोग मात्र १९६७ साली झाला. वॉल आणि विल्यम स्वीट यांनी तीव्र, जुनाट वेदना असलेल्या आठ रुग्णांच्या मज्जातंतूंना सेकंदाला शंभर ठोके दिले. ठोके चालू असताना दुखरी जागा दाबली तरी दुखेना. चौघांना तर दोन मिनिटांच्या उपचारानंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ आराम पडला. पुढे त्वचेवरूनच ठोके देणारी लहान यंत्रे निघाली.

मग हे यंत्र रामबाण आहे काय? नाही. २०२२ साली ३८१ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. यंत्र चालू असताना आणि ते काढल्यावर लगेच वेदना कमी होते, असे त्यातून दिसले. पण जुनाट दुखण्यावर दीर्घकाळ काय उपयोग होतो, याबद्दल २०१९ च्या एका मोठ्या आढाव्याला खात्रीने काहीच सांगता आले नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शनाने तर २०१६ साली कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये, असेच सांगितले. म्हणजे जो गुण येतो तो थोड्या वेळाचा, आणि तोही सर्वांना येतोच असे नाही.

खरा धोका इथेच आहे. कल्याणच्या बाजारात पोती उचलणारा एखादा माथाडी कामगार डोळ्यांपुढे आणा. मणक्यामधली गादी सरकली आहे, पायात सणक जाते आहे. सकाळी तो पट्ट्या लावतो, सणक थांबते, आणि तो पुन्हा पाठीवर पोते घेतो. दुखणे हा शरीराचा पहारेकरी. पहारेकऱ्याचे तोंड दाबले म्हणून चोर काही पळून जात नाही. आराम पडलेला तो अर्धा तास ओझे उचलण्यासाठी नव्हे. दुखण्यामुळे जे करवत नव्हते ते करण्यासाठी तो वापरायचा. सांगितलेला व्यायाम करावा, थोडे चालावे, आखडलेली मान हळूहळू मोकळी करावी.

काही दुखण्यांवर तर आधी यंत्र लावूच नये, थेट रुग्णालय गाठावे. छातीत दाबल्यासारखे होते आहे, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जाते आहे, घाम फुटला आहे, तर एक मिनिटही दवडू नका. कंबरदुखीबरोबर पायांतली शक्ती गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, ताप येऊ लागला किंवा वजन उतरू लागले, तरी तेच. कळव्याला ठाणे महापालिकेचे रुग्णालय आहे, कल्याणला रुक्मिणीबाई आहे, डोंबिवलीला शास्त्रीनगर आहे. जे जवळ असेल तिथे जा.

ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांच्या परवानगीवाचून यंत्राला हात लावू नये. गरोदर स्त्रिया, फिट येणारे आणि कर्करोगाचे रुग्ण यांनीही आधी विचारावे. गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोळ्यांवर, छातीवर आणि जखमेवर पट्टी लावू नये. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने जिथली त्वचा बधिर झाली आहे तिथेही नको; चटका बसला तरी कळायचे नाही. आंघोळ करताना, झोपेत, गाडी चालवताना यंत्र बंद असावे. आणि घरच्या विजेला जोडून केलेला कसलाही गावठी जुगाड नको.

लावण्याची रीत सोपी आहे. त्वचा स्वच्छ आणि कोरडी करावी, यंत्र बंद असतानाच पट्ट्या दुखऱ्या जागेच्या दोन बाजूंना चिकटवाव्यात, आणि मग जोर हळूहळू वाढवावा. मुंग्या ठळक जाणवल्या, पण टोचल्या नाहीत, की तिथे थांबावे. अर्धा तास सहसा पुरे होतो. नंतर त्वचा लाल झाली आहे का ते पाहावे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. यंत्र विकत घेण्याआधी नोंदणी झालेल्या भौतिकोपचारतज्ज्ञाकडे जाऊन ते दोनतीन वेळा लावून घ्या. गुण आला तर घ्या, नाही आला तर पैसे वाचले. मात्र दुखणे का झाले, हा प्रश्न त्या तज्ज्ञाला पहिल्याच दिवशी विचारायला विसरू नका. तो प्रश्न विचारणारी डबी अजून बाजारात आलेली नाही.