दगडी आणि अर्धवट औषध



गाईची कास दगडासारखी झाली की आपण सडात एक-दोन ट्यूबा सोडतो. सूज उतरली, औषध बंद! कच्चे जंतू मेले, चिवट तेवढे उरले. पुढच्या वेताला तीच ट्यूब पाण्यासारखी. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीटी पचवलेली आपण पाहिली. गोठ्यातही तोच खेळ. आम्ही शेतीशास्त्र शिकलेले, तरी उशिरा उमगले.

पहिली धार काळ्या फडक्यावर घ्या. गुठळ्या दिसल्या तर औषधाआधी दुधाचा नमुना तपासायला द्या. डॉक्टरांनी सांगितलेला डोस पुरा करा. त्या दिवसांतले दूध डेअरीला घालायचे नाही, कबूल. पण ओतून दिलेल्या दुधाचे दाम कोणत्या हिशेबात धरतात? उत्पादनखर्च काढताना हे नुकसान धरा आणि नमुन्याची तपासणी तालुक्याला करा, ही आमची मागणी आहे.