खेळाडूचे मन

शरीर कमवायचे तर तालीम हवी, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. मनालाही तशीच तालीम लागते, ही गोष्ट मात्र क्रीडाप्रेमी मंडळींच्याही फारशी ध्यानी येत नाही.

२००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकमधील १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी पाहा. लक्ष्याचा मध्यबिंदू अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. अखेरची गोळी उरली तेव्हा भारताचा अभिनव बिंद्रा व फिनलंडचा हेन्री हॅकिनेन यांचे गुण समसमान होते. बिंद्राने १०.८ गुण मिळवले, हॅकिनेनने ९.७. एका गोळीने एकाला सुवर्ण दिले, दुसऱ्याला कांस्यावर आणले.

अशा घटकेला छाती धडधडते, श्वास उथळ होतो, स्नायू आखडतात आणि लक्ष कृतीवरून फळाकडे वळते. क्रीडामानसशास्त्र हे भय समूळ नाहीसे करण्याचे वचन देत नाही. संथ श्वास, प्रत्येक नेमापूर्वी ठरलेला तोच क्रम, सामन्याची मनातल्या मनात उजळणी, या गोष्टी रोजच्या सरावात घोटून घेतल्या, तर भय असतानाही हात आपले काम करू शकतो.

परंतु पदक मिळाले म्हणजे मनाचा प्रश्न सुटला असे नव्हे. सुवर्णपदकानंतर आपल्याला विलक्षण पोकळी जाणवली, नैराश्य आले, असे बिंद्राने पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. पराभूताचे सांत्वन करावयास चार माणसे येतात. विजेत्याची विचारपूस कोण करतो?

२०२१ साली टोकियो येथे अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने सांघिक अंतिम फेरीतून पहिल्याच उडीनंतर माघार घेतली. हवेत गिरकी घेताना आपण कोठे आहोत, याचे भान तिला राहीनासे झाले होते. काहींनी तिला भित्री ठरविले. वस्तुतः अशा अवस्थेत उडी घेणे म्हणजे मानेवर पडण्याचा धोका पत्करणे होय. तिने विश्रांती घेतली, मानसोपचार घेतले आणि २०२४ साली पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदके जिंकली.

गावोगावच्या मैदानावर मानसतज्ज्ञ कोठून आणावयाचा, असे कोणी विचारील. खरे आहे. परंतु स्पर्धेहून परतलेल्या मुलाला ‘कितवा आलास?’ असे विचारण्यापूर्वी ‘झोप नीट लागते ना? भीती कशाची वाटते?’ एवढे विचारणे पालकांना व शिक्षकांना खचित शक्य आहे. त्याचे उत्तर मात्र शांतपणे ऐकून घेतले पाहिजे.