स्वातंत्र्याच्या तीन तारखा

(इस्लामपूर येथे युवकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



याच गावातल्या मामलेदार कचेरीवर १० सप्टेंबर १९४२ला मोर्चा आला होता. पोलिसांनी गोळी घातली. किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर पंड्या आणि विष्णू बारपटे मेले. त्यांना आधी सलाम.

त्या दिवशी माझा आजाही इथंच होता. मोर्चात नव्हता. गावचं टपाल घेऊन कचेरीत आलेला. गावचा वेसकर महार. एकीकडं बंदूकवाले, एकीकडं झेंडेवाले, मधी हातात काठी घेऊन माझा आजा. म्हातारपणी सांगायचा, ''पळायचं कुणीकडं तेच उमगंना. आपल्या हातचं पाणी दोन्हीकडं कुणीच पीत नव्हतं.''

पुढं १९४३ ते १९४६ या मुलखात नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. तुफान सेना होती, न्यायदान मंडळं होती. सावकार आणि गुंड यांच्या तळपायावर फटके बसले. कमी खर्चात लग्नं लागली. अस्पृश्यता पाळू नका, असंही हे सरकार सांगत होतं. अडाणी म्हणून हिणवलेली माणसं स्वतःचा कारभार करू शकतात, हे त्यांनी इंग्रजाच्या छाताडावर बसून दाखवलं. हे आपण नाकारायचं नाही. तो वारसा आपलाही आहे.

पण सवाल विचारायचा. इंग्रजाचं राज्य गावात कुणाच्या पायावर चालत होतं? कलेक्टर घोड्यावर, मामलेदार कचेरीत, तलाठी चावडीत, आणि सगळ्यांच्या खाली महार. टपाल न्यायचं, खजिन्याबरोबर चालायचं, साहेबाचं ओझं वाहायचं. मोबदला काय? हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि दारोदार मागितलेलं बलुतं. ही गुलामी नुसती रूढी नव्हती, १८७४च्या वतन कायद्यानं ती पक्की केली होती. बाबासाहेबांनी १९२८ला मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध बिल आणलं. ते पास झालं नाही.

नाना पाटील स्वतः तलाठी होते. १९३० साली नोकरी सोडून चळवळीत आले. मोठी गोष्ट. पण तलाठ्याला राजीनामा देता येतो. माझ्या आज्याचं काम जन्मानं चिकटलेलं. सोडलं तर पोटाखालची जमीन जायची.

मांगवाड्याचं काय? याच तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊंची 'फकिरा' वाचा, हजेरी म्हंजे काय ते कळंल. माणूस जन्मताच चोर ठरवणारा तो कायदा.

म्हणून सांगतो, स्वातंत्र्याच्या तारखा तीन. देशाची १५ ऑगस्ट १९४७. गुन्हेगार जमातींचा कायदा साऱ्या देशातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ला. महारकीचं वतन कायद्यानं संपलं १ ऑगस्ट १९५९ला. दिल्लीत झेंडा चढल्यावर बारा वर्षं माझा आजा वतनाला बांधलेलाच होता! आणि सुटल्यावर? बापजाद्यांनी कसलेला तुकडा नावावर करायला सरकारात कब्जेहक्काची रक्कम भरा!

हे फक्त आपल्याकडंच घडलं असं नाही. फिलिपिन्स बघा. तिथल्या लोकांनी १२ जून १८९८ला स्वातंत्र्य जाहीर केलं. सहा महिन्यांत स्पेननं तो देश दोन कोटी डॉलरला अमेरिकेला विकला. अमेरिका गेली ४ जुलै १९४६ला. पण जपान्यांशी लढलेल्या हुकबलाहाप शेतकऱ्यांच्या बाजूचे सहाजण निवडून आले, त्यांना काँग्रेसात बसू दिलं नाही. जमीन जमीनदाराकडंच राहिली. गोरा जातो, खुर्ची राहते, आणि खुर्चीखालचा माणूस तिथंच राहतो.

तेव्हा पोरांनो, हुतात्म्यांना हार घालायला जरूर या. पण येताना तहसील कचेरीत जा. आपापल्या गावच्या हाडोळ्याचा जुना उतारा मागा. तेव्हा कुणाचं नाव होतं, आता कुणाचं आहे, ते लिहून आणा. पुढच्या बैठकीत भाषण नको. ते उतारे मोठ्यानं वाचू.

जय भीम.